संजयाची दृष्टि आणि सीताबर्डीची टेकडी

महाभारतांतील युद्धाची हकीकत संजयानें धृतराष्ट्राला कशी सांगितली, याचें जें चित्र आपल्या घरोघरीं रूढ आहे, तें मूळ ग्रंथाशीं पुरतें जुळत नाहीं. अंध राजा आसनावर बसला आहे, शेजारीं संजय आहे, आणि तिकडे कुरुक्षेत्रावर बाण सुटतांच इकडे त्याचें वर्णन ऐकूं येत आहे, अशी आपली समजूत असते. भीष्मपर्व उघडून पाहिलें तर प्रकार निराळा दिसतो. संजय रणभूमीवरून धांवत हस्तिनापुरास येतो, तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. युद्धाचे दहा दिवस तोंवर होऊन गेलेले असतात. राजा शोकानें विचारतो कीं, असा पुरुष पडला तरी कसा. आणि मग संजय आरंभापासून सर्व कथा सांगूं लागतो. भगवद्गीता आपण ऐकतों तीहि या मागाहून केलेल्या कथनांतच. म्हणजे घडून गेलेलें पुन्हां दाखविणें, हें संजयाचें काम आहे. शेवट आधीं ठाऊक आहे. तो कसा आला, एवढेंच पाहावयाचें आहे. इतिहासकाराचें काम याहून वेगळें तें काय असतें?

या कामासाठीं व्यासांनीं त्याला जो वर दिला, त्याचीं अंगें नीट ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. उघड असो वा गुप्त, दिवसा घडो वा रात्रीं, युद्धांतलें सर्व त्याला दिसेल. शस्त्रें त्याला छेदणार नाहींत. श्रम त्याला बाधणार नाहींत. आणि दुसऱ्याच्या मनांत आलेलेंहि त्याला कळेल. यांपैकीं पहिल्या तीन गोष्टी आतां कोणाहि शाळकरी मुलाला मिळाल्यासारख्या वाटतात. त्या खरोखर कितपत मिळाल्या आहेत, आणि चौथीचें काय, याचा विचार आम्हांला येथें करावयाचा आहे.

निमित्त अगदीं साधें आहे. दिवाळीच्या सुटींत धरमपेठेंतील एका घरीं चार मुलें संगणकावर युद्धाचा खेळ खेळत होतीं. डाव संपला, आणि हरलेल्यानें तक्रार केली कीं, "मी भिंतीआड पोंचलों होतों, मला गोळी लागलीच कशी?" जिंकणारा म्हणाला, "तूं बाहेरच होतास." आमच्या लहानपणीं असले वाद आरडाओरड्यानें, नाहीं तर वडीलधाऱ्यांच्या निवाड्यानें मिटत. या मुलांनीं दोन्हींपैकीं कांहीं केलें नाहीं. त्यांनीं संपलेल्या डावाची नोंद उघडली. तिला ते रीप्ले म्हणतात. मग एकानें फ्री कॅमेरा चालू केला, आणि आमच्या देखत त्या पडद्यावरची दृष्टि खेळाडूच्या देहांतून बाहेर पडली. ती वर उचलली गेली, छपरावरून फिरली, भिंतींतून आरपार गेली, आणि नेमक्या त्या कोपऱ्यावर येऊन स्थिर झाली. गोळ्या तिच्या अंगांतून जात होत्या. तिला कांहीं होत नव्हतें. पडद्याच्या कडेला तीन आंकडे सारखे बदलत होते. मुलांपैकीं एक ते वाचून दुसऱ्याला सांगत होता, "आणखी दोन पुढें, आतां खालीं." जागा सांपडली, क्षण सांपडला. तो खेळाडू भिंतीबाहेर होता. तरीहि हरलेला मुलगा म्हणाला, "माझ्या पडद्यावर मी आंत होतों." सगळे हंसले. त्या क्षणीं आम्हीहि हंसलों. तो मुलगा खोटें बोलत नव्हता, हें आम्हांला नंतर समजलें.

ही नोंद म्हणजे चित्रफीत नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. लग्नसमारंभाची चित्रफीत आपण पाहतों तेव्हां कॅमेरा धरणारा जेथें उभा होता तेथूनच आपल्याला पाहावें लागतें. त्याच्या पाठीमागें कोण रडत होतें, हें कितीहि वेळां फीत फिरविली तरी दिसत नाहीं. खेळाच्या नोंदींत चित्र नसतेंच. तींत असतात आंकडे: अमुक क्षणीं अमुक माणूस अमुक जागीं, अमुक दिशेस तोंड करून होता. त्या आंकड्यांवरून चित्र दर वेळीं नव्यानें काढलें जातें. आणि चित्र नव्यानेंच काढावयाचें असेल, तर पाहणाराचा डोळा कोठेंहि ठेवतां येतो. फ्री कॅमेऱ्याचें सारें रहस्य एवढेंच आहे.

या युक्तीचा इतिहास फार जुना नाहीं. १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या मंडळीनें 'डूम' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत डाव जपून ठेवण्याची सोय होती. सेकंदाचे पस्तीस भाग करून प्रत्येक भागांत खेळणारानें कोणती कळ दाबली, एवढेंच लिहून ठेवलें जाई. तीच कळांची माळ पुन्हां यंत्राला दिली कीं, भूमि तीच आणि नियम तेच असल्यामुळें डावहि तोच उभा राही. कृति वाचून पदार्थ पुन्हां करावा, तसा हा प्रकार होता. आणि त्याचा दोषहि कृतीचाच होता. खेळाची नवी आवृत्ति निघून एखादा नियम रेसभर बदलला, कीं जुनी नोंद चालवितांना तो वीर भिंतीवर डोकें आपटीत राही, आणि जेथें कोणी नाहीं तेथें गोळ्या झाडी. नोंद खरी, पण ती वाचणारें जग बदललेलें. जुन्या दप्तरांतील कागद वाचणारांना हा अनुभव नवा नाहीं.

१९९६ च्या जूनमध्यें त्याच मंडळीचा 'क्वेक' हा खेळ आला. त्याच्या नोंदींत कोणती वस्तु कोणत्या क्षणीं कोठें होती, हेंच लिहिलें जाऊं लागलें. पाहणाराच्या दृष्टीची दिशाहि त्या नोंदींत निराळी लिहिलेली असे. जें निराळें लिहिलें आहे तें खोडून दुसरें लिहितां येईल, ही गोष्ट कांहीं खटपट्या खेळाडूंच्या ध्यानांत आली. त्यांनीं नोंदीचें साध्या अक्षरांत रूपांतर करणारीं साधनें तयार केलीं. मग डोळ्याची जागा दाखविणारे आंकडे हातानें बदलून तीच नोंद पुन्हां यंत्राला दिली. त्याच वर्षीं 'रेंजर्स' नांवाच्या एका संघानें 'डायरी ऑफ अ कॅंपर' ही चिमुकली कथा अशा सुट्या दृष्टीनें दाखविली. १९९७ त 'क्वेक डन क्विक' या नांवानें संपूर्ण खेळ सर्वांत कठीण पातळीवर १९ मिनिटें ४९ सेकंदांत पुरा केल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि ती बाहेरच्या डोळ्यानेंहि पाहावयास मिळाली. पुढें २००७ सालीं 'हेलो ३' या खेळानें हीच सोय तयार स्वरूपांत सर्व खेळाडूंच्या हातीं दिली. २०१४ त 'माइनक्राफ्ट'मध्यें भिंतींतून जाणारा प्रेक्षक आला. पूर्वीं जें कांहीं हौशी लोकांचें कसब होतें, तें वीस वर्षांत मुलांच्या हातचा मळ झालें.

या डोळ्याला चालविण्याचें साधन म्हणजे निर्देशक. तीन आंकडे जागा सांगतात: आडवें किती, उभें किती, उंचीवर किती. आणखी दोन-तीन आंकडे दिशा सांगतात: तोंड कोणीकडे, मान किती वर, आणि क्षितिज कलतें कीं सरळ. कसबी माणूस सगळी वाट हातानें चालत नाहीं. तो चार-पांच मुक्काम ठरवून देतो, अमुक क्षणीं डोळा येथें, अमुक क्षणीं तेथें. मधला प्रवास यंत्र वळणदार रेषेनें पुरा करतें. पण आंकडे हे ज्याच्या त्याच्या चौकटींतच खरे असतात. 'क्वेक'मध्यें उंचीचा आंकडा तिसरा. 'माइनक्राफ्ट'मध्यें तो मधला. एकींतले आंकडे दुसरींत तसेच वापरले, कीं डोळा आकाशांत जाण्याऐवजीं जमिनींत गाडला जातो. शिवाय हे आंकडे कोठून मोजावयाचे, तें शून्य खेळ रचणारानें आपल्या सोयीनें मांडलेलें असतें. त्या शून्यावर कांहींच नसतें. कधीं तर ती जागा भिंतीच्या पोटांत असते.

शून्य सोयीनें मांडलें जातें, हें नागपूरकरांइतकें कोणाला सांगावयास नको. फ्रान्समधील देकार्त या तत्त्वज्ञानें १६३७ त आपला भूमितीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आंकड्यांनीं आकृति लिहिण्याची रीत जगांत रूढ होऊं लागली. पण पृथ्वीवर शून्य कोठें धरावें, हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. आपले ज्योतिषी तें उज्जयिनीच्या रेषेवर धरीत. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें राष्ट्रांची परिषद भरली, आणि ग्रिनिचची रेषा शून्य ठरली. उज्जयिनी होती तेथेंच राहिली. तिचा आंकडा तेवढा बदलला. आज धरमपेठेचा पत्ता आंकड्यांत सांगावयाचा तर तो सुमारें २१.१४ उत्तर आणि ७९.०६ पूर्व असा होईल. या दोन आंकड्यांमागें किती माणसांचे पाय झिजले आहेत, हें मात्र ते आंकडे सांगत नाहींत.

१८०२ च्या एप्रिलांत विल्यम लॅम्टन यानें मद्रासेजवळ सांखळीनें एक रेषा मोजून त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला. एक बाजू जमिनीवर मोजावयाची, आणि पुढें केवळ कोन मोजीत त्रिकोणामागून त्रिकोण देशभर पसरावयाचे, अशी ती रीत. अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढविलें गेलें. ती मोजणी उत्तरेकडे सरकत असतां, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाट येथें २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्टन वारला. त्याची कबर तेथेंच आहे. नागपुरांत ज्याला आपण झिरो माइल म्हणतों तो दगडी खांब मात्र बराच मागाहूनचा, १९०७ चा. हें हिंदुस्थानचें मध्य, आणि देशांतील सगळीं अंतरें येथूनच मोजलीं, अशी गोड समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. खांबावर गांवांचीं अंतरें कोरलेलीं असल्यामुळें ती स्वाभाविकहि आहे. परंतु तेथील दगड हा मुख्यतः उंचीचा ठराव आहे: समुद्रसपाटीपासून सुमारें १०२० फूट. म्हणजे आपण ज्याला सर्वांचें शून्य समजतों, तें स्वतः दूरच्या समुद्रापासून मोजलेलें आहे. अभिमानाला यानें बाध येण्याचें कारण नाहीं. कोणतेंहि शून्य दुसऱ्या कशावर तरी टेकलेलें असतें, हें त्या खांबापाशीं उभें राहून शिकतां आलें तर तो लाभच आहे.

त्या खांबापासून जवळच सीताबर्डीची टेकडी आहे. तिच्यावर जी लढाई झाली, तिचा रीप्ले आपण मनांत चालवून पाहूं.

वर्ष १८१७. मुधोजी भोसले उर्फ आप्पासाहेब यांनीं आदल्या वर्षीं, मे महिन्यांत, इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला होता. पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुण्याकडे खडकीची लढाई झाली. तेथील रेसिडेन्सी जाळली गेली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेब सुभा या पदाचीं वस्त्रें स्वीकारलीं. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यानें काय समजावयाचें तें समजून टेकडीवर फौज चढविली. सीताबर्डीला दोन माथे: दक्षिणेचा मोठा, उत्तरेचा लहान, मध्यें सखल खिंड, आणि एकावरून दुसऱ्यावर बंदुकीची गोळी पोंचेल एवढेंच अंतर. पूर्वेस शहर, पश्चिमेस रेसिडेन्सी. आजची धरमपेठ याच पश्चिमेच्या अंगाला वसली आहे. लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखालीं तेराशे-चौदाशे माणसें होतीं: मद्रासच्या विसाव्या व चोविसाव्या पलटणी, बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या, आणि रेसिडेंटचे रक्षक. समोर भोसल्यांची फौज इंग्रजी हिशेबाप्रमाणें अठरा हजारांच्या घरांत, तींत निवडक अरब.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळीं गोळीबार सुरू झाला, आणि रात्रीं बराच वेळ चालला. लहान माथ्यावरील तुकडीचा कप्तान सॅडलर पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अरबांनीं तो माथा घेतला, आणि तेथील तोफ मोठ्या माथ्याकडे वळविली. आतां चहूंकडून फौज रेसिडेन्सीकडे सरकूं लागली. अशा वेळीं कप्तान फिट्झजेराल्ड आपले स्वार घेऊन पश्चिमेच्या मैदानांत घुसला, आणि त्यानें तोफा हस्तगत केल्या. टेकडीवरील लोकांना हें दिसलें, आणि त्यांना धीर आला. लहान माथ्यावर दारूगोळ्याचा स्फोट झाला; त्या गोंधळांत इंग्रजांच्या पायदळानें तो परत घेतला. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडील सुमारें चौथा हिस्सा माणूस मेला वा जखमी झाला होता.

येथवर आपला फ्री कॅमेरा उत्तम चालला. आपण त्याला दोन माथ्यांच्या वर धरला, मग खिंडींत उतरविला, मग स्वारांच्या मागोमाग मैदानांत सोडला. आतां त्याला पूर्वेकडे वळवूं. शहराच्या बाजूनें टेकडीकडे पाहूं. अरबांनीं सकाळीं चढाई ठरविली, ती कोणाच्या शब्दावरून? रात्रीं त्यांच्यांतले किती पडले? अठरा हजारांपैकीं प्रत्यक्ष लढले किती, आणि किती नुसते उभे राहिले? घोडदळाचा हल्ला झाला तेव्हां मैदानांतील भोसल्यांच्या स्वारांना टेकडीवरचें कांहीं दिसत होतें काय? या बाजूला वळतांच आपला पडदा रिकामा होतो. टेकडी आहे, आकाश आहे, माणसें नाहींत.

असें कां व्हावें, याचें उत्तर त्या खेळांनींच आम्हांला दिलें. अनेक जण मिळून खेळ खेळतात, तेव्हां खरी स्थिति मध्यवर्ती सर्व्हरला ठाऊक असते. तो प्रत्येक खेळाडूला सगळें कळवीत नाहीं. त्या खेळाडूला दिसूं शकेल तेवढेंच कळवितो. मग एखाद्या खेळाडूनें आपल्या यंत्रावर जपलेली नोंद उघडून त्यांत फ्री कॅमेरा चालविला, तर डोळा कोठेंहि जातो खरा, पण त्या खेळाडूपासून दूर, भिंतीपलीकडे गेला कीं खोल्या ओस पडतात. तेथें लोक नव्हते असें नाहीं. या खेळाडूला त्यांची खबर दिली गेली नव्हती. कॅमेरा मोकळा असतो. नोंद मोकळी नसते. अनेकांचे डोळे एकत्र करून घेतलेली सर्व्हरची नोंद निराळी, आणि एकाच खेळाडूची नोंद निराळी. नवशिका हा भेद जाणत नाहीं, आणि रिकाम्या खोल्यांना रिकाम्याच समजतो.

सीताबर्डीची लढाई आपण बहुधा ज्या कागदांवरून सांगतों, ते मुख्यतः मोठ्या माथ्यावरच्या खेळाडूची नोंद आहेत. जेन्किन्स आणि स्कॉट यांच्या अहवालांतून पुढील पुस्तकें निघालीं. त्या कागदांत खोटेपणा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत मर्यादा आहे. सॅडलरचें नांव आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या शेजारीं पडलेल्या मद्रासी शिपायाचें नाहीं. त्याचा तेवढा आंकडा आहे. अरबांच्या शौर्याची साक्षहि त्यांच्या शत्रूनेंच दिलेली. फिट्झजेराल्डनें हल्ल्याची परवानगी मागितली तेव्हां स्कॉटनें काय उत्तर दिलें, याची एक चटकदार आख्यायिका मागाहूनच्या पुस्तकांतून वाचावयास मिळते; पण त्याच वेळीं समोरच्या तोफेवरील गोलंदाज आपल्या सोबत्याला काय म्हणाला, याची आख्यायिका झाली नाहीं. पानिपताच्या बाबतींत आपण याहून भाग्यवान आहों. तेथें भाऊसाहेबांची बखर आहे, आणि शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज या दक्षिणी गृहस्थाची पलीकडच्या छावणींतून लिहिलेली फारशी हकीकतहि आहे. दोन डोळे एकाच रणावर रोखलेले असले म्हणजे खोली दिसते. एका डोळ्याला सगळें सपाट.

दुसरी एक गोष्ट. ज्याला आपण सलग हालचाल समजतों, ती या नोंदींत सलग नसतेच. १९९९ च्या 'क्वेक ३' मध्यें सर्व्हर सेकंदाला वीस वेळां स्थिति कळवी; दोन स्थितींमधली वाट यंत्र सरळ रेषा ओढून भरून काढी. त्यामुळें माणूस अखंड धांवतांना दिसे. इतिहासलेखनांतहि असेंच होतें. संध्याकाळचा एक कागद, सकाळचा दुसरा. मधली रात्र लेखक ओढलेल्या रेषेनें भरतो. यांत पाप नाहीं. रेषा ओढल्यावांचून कथाच चालणार नाहीं. पण कोठें ठिपका आहे आणि कोठें रेषा, हें त्यानें स्वतःशीं विसरूं नये.

आतां त्या हरलेल्या मुलाकडे वळूं. "माझ्या पडद्यावर मी आंत होतों," असें तो म्हणाला होता. जाणत्यांना विचारल्यावर कळलें कीं, तें खरें असूं शकतें. एका घरांतून दुसऱ्या घरांत खबर जावयास सेकंदाचा कांहीं अंश लागतो. मारणाराच्या पडद्यावर दिसणारा माणूस हा किंचित् पूर्वींचा माणूस असतो. त्यानें नेम धरला आणि गोळी सोडली, तर कित्येक खेळांत सर्व्हर काळ तेवढा मागें नेऊन पाहतो, आणि मारणाराला जें दिसलें तें प्रमाण मानतो. म्हणून एक जण आडोशाला पोंचलेला, आणि दुसऱ्याच्या दृष्टीनें अजून उघड्यावर, दोघेहि प्रामाणिक. नोंदींत उरतो तो निवाडा. कोणाच्या डोळ्याला प्रमाण मानावयाचें, हा नियम आधींच कोणीं तरी ठरविलेला असतो.

आप्पासाहेबांचा प्रश्न नेमका असाच आहे. लढाईनंतर त्यांनीं रेसिडेंटकडे निरोप पाठविला कीं, झाल्या प्रकाराबद्दल आपल्याला खेद आहे, आणि तो आपल्या हुकुमानें झाला नाहीं. जेन्किन्सनें यावर विश्वास ठेवला नाहीं. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या छावणींत आले, आणि त्याच दिवशीं शहराबाहेर दुसरी लढाई झाली. पुढें १८१८ त त्यांना कैद करून अलाहाबादेकडे नेत असतां ते निसटले, महादेवाच्या डोंगरांत राहिले, आणि १८४० त जोधपुरास वारले. कोणी त्यांना देशभक्त म्हणतो, कोणी कपटी, कोणी नुसता डळमळीत मनाचा माणूस. २६ तारखेच्या संध्याकाळीं पहिली गोळी सुटली तेव्हां त्यांच्या मनांत काय होतें? हुकूम दिला होता, कीं न देतां होऊं दिलें होतें, कीं खरोखरच हात सुटला होता? निवाडा झाला तो जिंकणाराच्या पडद्यावरून. तो चूकच होता, असें आम्ही म्हणत नाहीं. पेशव्यांचीं वस्त्रें दोनच दिवसांपूर्वीं घेतलेलीं होतीं, हाहि एक ठिपका आहेच. पण त्या ठिपक्यापासून मनापर्यंतची रेषा आपण ओढलेली असते, एवढें म्हणावयाचें.

व्यासांच्या वराचें चौथें अंग येथें आठवतें. मनांत आलेलेंहि कळेल, असें त्यांनीं संजयाला सांगितलें; कारण त्यावांचून पहिलीं तीन अपुरीं आहेत, हें त्या कवीला ठाऊक होतें. आमच्या मुलांना छपरावर चढणारा, न थकणारा, न मरणारा डोळा मिळाला. हें थोडें नव्हे. हाच डोळा त्यांना विनय शिकवूं शकेल, जर त्यांनीं रिकाम्या खोलींत थांबून विचारलें कीं, येथें कोणी नव्हतें, कीं आपल्याला कळविलें गेलें नाहीं? हा एक प्रश्न ज्याला सुचला त्याला इतिहास वाचतां येऊं लागला, असें आम्ही समजतों.

आणि एवढें करूनहि धृतराष्ट्राची गोष्ट उरतेच. त्याला सर्व सांगितलें गेलें: दोन्ही सैन्यें, रात्रींचे संहार, मनांतले हेतु. ऐकतांना प्रत्येक वेळीं त्याचा प्रश्न एकच, माझ्या पुत्रांचें काय झालें? सांगणाराची दृष्टि मोकळी होती. ऐकणारानें आपलें शून्य हलविलें नाहीं.

सीताबर्डीचा किल्ला आज सैन्याच्या ताब्यांत आहे; वर्षांतून ठराविक राष्ट्रीय दिवशीं तो लोकांसाठीं उघडतो. धरमपेठेंतील मंडळी पश्चिमेकडून सहज तेथें जातात, वर चढतात, आणि आल्या वाटेनें परततात. पुढल्या वेळीं एकदां मुलांना घेऊन पूर्वेच्या कठड्यापाशीं उभें राहावें, आणि शहराकडे तोंड करून थोडा वेळ थांबावें. १८१७ च्या नोव्हेंबरांत त्या बाजूनें जे वर आले, त्यांच्या डोळ्यांनीं ही टेकडी केवढी दिसली असेल, हें कोणत्याहि नोंदींत नाहीं. चढ मात्र अजून तोच आहे.